मी नाही हरले, फोन आला होता

मोबाइल गेम तयार करणाऱ्या एका कंपनीत माझं काम म्हणजे लोक खेळताना बघत बसणं. माणसं बोलवायची, त्यांच्या हातात फोन द्यायचा आणि ती कुठे अडतात, कुठे वैतागतात, कुठे गुपचूप हसतात ते टिपून घ्यायचं. मध्ये बोलायचं नाही, सुचवायचं तर मुळीच नाही. पुण्यात वाढलेल्या माणसाला हे किती जड जातं ते वेगळं सांगायला नको.

मागच्या हिवाळ्यात आमच्याकडे एक नवा गेम आकाराला येत होता. सारखे तीन तुकडे जुळवायचे आणि घड्याळ संपायच्या आत पट रिकामा करायचा. तो चाळीस ते साठ या वयोगटासाठी आहे, असं वरून ठरून आलं होतं. टीममध्ये वयाने सगळ्यात मोठा माणूस चौतीस वर्षांचा, त्यामुळे या वयाच्या लोकांना काय हवं याबद्दल आमच्यात कमालीचं एकमत होतं. सोपं हवं, अक्षर मोठं हवं आणि कुठेतरी ‘मेंदूला व्यायाम’ असं लिहिलेलं हवं.

ऑफिस बाणेरला. तिथवर पेठेतली माणसं येत नाहीत, रिक्षाचे पैसे दिले तरी. म्हणून कर्वे रस्त्याच्या आतल्या गल्लीतली एका क्लासची खोली शनिवारी दुपारी घेतली. आलेल्यांत नारायण पेठेत ब्लाउज शिवणाऱ्या एक बाई होत्या, सिंहगड रस्त्याला राहणारे बँकेतले एक गृहस्थ होते, मंडईजवळ स्टेशनरीचं दुकान चालवणारे एक काका आणि हडपसरच्या एक शिक्षिका. आमच्या इंटर्नने शिक्षिकेला “काकू, पाणी देऊ?” असं विचारलं. “सत्तेचाळीसची आहे मी. ताई म्हण, नाहीतर मॅडम म्हण,” असं म्हणून त्यांनी पाणी घेतलं.

आमचा गेम दाखवण्याआधी मी प्रत्येकाला प्ले स्टोअर उघडून दिलं आणि एरवी घरी घेता तसा एखादा नवीन गेम निवडा म्हटलं. आम्ही रंगीत चित्रांवर आणि ट्रेलरवर एवढा खर्च करतो, त्याकडे कुणी धड पाहिलंही नाही. बँकेतले गृहस्थ थेट नावाखालच्या बारीक ओळीवर गेले. यात जाहिराती आहेत आणि ॲपमध्ये खरेदी आहे, असं तिथे लिहिलेलं असतं.

“हे पैशांचे गेम बंद झाले ना?” त्यांनी विचारलं.

पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन गेमवर बंदी घालणारा कायदा ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने केला, पण गेममधल्या वस्तू विकत घेणं त्यात येत नाही, असं मी सांगितलं.

“म्हणजे जिंकून मिळणार काही नाही, खर्च मात्र चालू,” ते म्हणाले आणि पुढचा गेम बघू लागले.

स्टेशनरीवाले काका त्याहून पक्के. त्यांनी रिव्ह्यू उघडले आणि एक तारावाले तेवढे वाचायला घेतले. “पाच तारे देणारे काय, कंपनीवाल्याचे मेहुणे असतात. शिव्या कोण घालतंय ते बघायचं.” ते शोधत होते नेटबद्दलची तक्रार. माल आणायला ते रेल्वेने मुंबईला जातात. लोणावळ्यापासून कर्जतपर्यंत घाटात बोगद्यामागून बोगदे, नेटवर्क सारखं तुटत राहतं. नेट गेल्यावर बंद पडणारा गेम त्यांच्या फोनवर टिकत नाही. घाट उतरायच्या आत तो काढून टाकलेला असतो.

शिक्षिकेच्या फोनवर अक्षर सगळ्यात मोठं करून ठेवलेलं होतं. आमच्या गेममधलं अक्षर मात्र बारीक ते बारीकच. फोनची सेटिंग साध्या ॲपना लागू होते. गेम आपला मजकूर बहुतेक वेळा स्वतःच रंगवतो, म्हणून ती सेटिंग त्याच्यापर्यंत पोचत नाही. त्यांनी हात लांब केला, मग चष्मा कपाळावर चढवून फोन नाकाशी आणला. बाजूच्या खोलीत स्क्रीनवर हे बघणारी आमची मंडळी खूश झाली. अक्षर मोठं करणं एका दिवसाचं काम, आणि तेच आपण आधीपासून म्हणत होतो! खरोखरच ते करायला हवं होतं. पण तेवढ्यावर कुणी गेम ठेवत किंवा सोडत नाही.

मग ब्लाउज शिवणाऱ्या बाईंची पाळी आली. मोबाइल गेम आपण फारसे खेळत नाही, असं त्या आधीच सांगून मोकळ्या झाल्या होत्या. पण आमच्या गेममध्ये काही पातळ्यांवर एकाच रंगाच्या जवळजवळ सारख्या छटा येतात, आमच्या पोरांची तिथे हमखास दांडी उडते. बाईंचं बोट मात्र जरा म्हणून थबकलं नाही. आयुष्यभर कापडाला रीळ जुळवण्यात गेलेले डोळे ते. चौथ्या पातळीवर थोडेच तुकडे उरले होते, घड्याळात भरपूर वेळ होता आणि फोन वाजला.

“हां, बोला वहिनी. मागचा गळा खोल ना? आणि हुक पुढे. अस्तर तुम्ही देताय की मी लावू? सातनंतर या.”

बोलणं आटपून त्या गेमवर परत आल्या. स्क्रीनवर रडका चेहरा, खाली ‘वेळ संपला! तुमचा एक जीव गेला.’ बाईंनी ते वाचलं आणि फोन माझ्याकडे वळवून धरला.

“मी नाही हरले. फोन आला होता.”

राग नव्हता. गिऱ्हाइकाला मापातली चूक दाखवावी तसा सूर होता. फोन माझ्या हातात देत त्या म्हणाल्या, “छान आहे गं. पण नको.”

माझा पुढचा प्रश्न कागदावर तयार होता, तो विचारायची वेळच आली नाही. बँकेतले गृहस्थ म्हणाले, मी रोज रात्री फोनवर बुद्धिबळ खेळतो, पण कॉम्प्युटरशी. माणसाशी नाही. “समोरचा ताटकळत असतो. आईला औषध द्यायला उठलो की घड्याळ माझंच पळतं.” शिक्षिका सुडोकूवाल्या. अर्धं टाकलं तरी ते जागेवर असतं, वह्या तपासून झाल्या की पुढे चालू. २०२० च्या टाळेबंदीत त्यांच्या घरी लुडो किंगची लाट होती. नागपूरचा भाऊ, भाची, सगळे एका रूमचा कोड घेऊन बसायचे. आता का नाही, असं मी विचारलं. “तेव्हा उठून जायचं कुठे होतं कुणाला?”

वहीत मी एवढंच लिहिलं: ही माणसं गेम कसा सुरू होतो ते बघतच नाहीत, तो सोडता कसा येतो ते बघतात. वरती म्हातारे आईवडील, खाली शिकणारी मुलं, मध्ये गिऱ्हाईक आणि गॅसवरचा कुकर. यांच्या हाकेला उठावं लागतं हे त्यांना पुरतं ठाऊक असतं, आणि उठल्याबद्दल दंड करणारा गेम ती घरात घेत नाहीत. ‘सोपं हवं’ असं त्या खोलीत एकदाही कुणी म्हणालं नाही.

सोमवारच्या मीटिंगमध्ये कळलं की फोन आला तरी घड्याळ चालू राहणं हा बिघाड नव्हता, ते मुद्दाम केलेलं होतं. घड्याळ थांबवलं की तरुण पोरं दुसऱ्या ॲपमध्ये जाऊन बसतात, तिथे निवांत विचार करतात आणि परत येऊन चाल खेळतात, असं आमच्या प्रोग्रामरचं म्हणणं. त्यात तथ्य होतं. मग घड्याळ थांबव आणि पटावर पडदा टाक, असं सुचवल्यावर तो थोडा वेळ छताकडे बघत राहिला आणि संध्याकाळपर्यंत त्याने ते करूनही टाकलं.

जिवांवर, म्हणजे हरलं की कमी होणाऱ्या आणि संपल्यावर विकत घ्यायच्या संधींवर, मात्र वाद पेटला. मॅनेजरचा मुद्दा असा, की २०१२ पासून चालत आलेल्या कँडी क्रशमध्येही पाचच जीव, एक गेला की तो परत यायला अर्धा तास, आणि याच वयाच्या बायका तो आवडीने खेळतात. आपलं पोट जिवांवर आहे! मी म्हटलं, तिथल्या बहुतेक पातळ्यांवर मर्यादा असते ती चालींची. तासभर फोन पालथा पडला तरी चाल कमी होत नाही. जीव जातो तो आपल्या हाताने, दार वाजलं म्हणून नाही. त्यावर त्याने आकडे मागितले. चार माणसांच्या बोलण्यावर कमाईचं गणित बदलता येत नाही म्हणाला. त्याच्या जागी मी असते तर मीही तेच म्हटलं असतं. जिवांचं घोंगडं अजून भिजतच पडलंय.

नवी आवृत्ती तयार झाल्यावर मी ब्लाउजवाल्या बाईंना फोन लावला. मागे मशिनची घरघर चालू होती.

“घड्याळ काढलंस का?”

“काढलं नाही मावशी, पण फोन आला की थांबतं आता.”

“बरं. मग पाठवून ठेव. लग्नसराई चालू आहे, संपली की बघते.”