पु. ल. देशपांडे उद्यानात, मळभ असताना

डिसेंबरात अवकाळी ढग आले की पुण्याची थंडी वेगळीच होते. ढगांच्या पांघरुणामुळे रात्री पारा फारसा उतरत नाही, पण दिवसभर ऊन नसल्याने गारठलेली बोटं गारठलेलीच राहतात. अशाच एका सकाळी सात वाजता मी कॅमेरा घेऊन सिंहगड रस्त्यावरच्या पु. ल. देशपांडे उद्यानात गेले. याआधी उन्हात काढलेले माझे इथले फोटो एकसारखे बिघडले होते. दगड पांढरेफटक, झुडपांखाली मिट्ट काळोख.

पहिले वीस-पंचवीस फोटो याही वेळी वाया गेले. फ्रेममध्ये आकाश आलं की त्या पांढऱ्या उजेडाला बघून कॅमेरा एक्स्पोजर, म्हणजे फोटोत घ्यायचा उजेड, उतरवायचा आणि खालची हिरवळ मातकट व्हायची. एक्स्पोजर वाढवलं की आकाश भगभगीत. शेवटी आकाशच वगळलं. कॅमेरा खाली झुकवला, व्हाइट बॅलन्स, म्हणजे रंगांचा तोल, 'क्लाउडी'वर नेला आणि बाग पहिल्यांदा नीट दिसली.

ही दहा एकरांची बाग जपानच्या ओकायामा शहरातल्या कोराकुएनच्या धर्तीवर केलेली आहे. ती मूळ बाग तिथला सरदार इकेदा त्सुनामासा याने करवून घेतली. काम 1687 साली सुरू झालं आणि 1700 साली पुरं झालं. अशा बागेत फुलांचा दिमाख फार नसतो. पाणी, दगड आणि छाटलेली झुडपं, सगळा कारभार हिरव्याच्या छटांवर. ढगाखालच्या मऊ उजेडात कोवळं गवत, शेवाळ आणि झुडपाचा गर्द हिरवा अगदी वेगवेगळे दिसत होते. माझ्या मते ही बाग बघायला उन्हाचा दिवस निवडूच नये.

सगळ्यात जास्त वेळ तळ्याकाठच्या एका दगडाने घेतला. अर्धा पाण्यात, अर्धा वर, आणि पाणी टेकतं तिथे शेवाळाची बोटभर पट्टी. भोवतीच्या पाण्यावर ढगांची पांढरी तकाकी होती. लेन्सवर पोलरायझर, म्हणजे चकाकी कापणारा फिल्टर, चढवून हळूहळू फिरवला. तकाकी विरली, तळाचे गोटे दिसले, ओल्या पानांवरची चकाकीही गेली. पण आणखी फिरवला तर पुलाचं प्रतिबिंबही पुसलं गेलं. मग थोडा मागे घेतला, तळ दिसेल आणि पूलही राहील इतपत. पोलरायझरने जवळपास दोन स्टॉप उजेड खाल्ला होता, म्हणजे उरला जेमतेम पाव, म्हणून आयएसओ (कॅमेरा उजेड किती चटकन टिपतो ते) 800. ट्रायपॉड नव्हता, तेव्हा कोपर गुडघ्यावर टेकवून, श्वास रोखून फोटो घेतला. कोई मासे मात्र तेवढ्यावर जमेनात, शेपट्या पुसट येत होत्या. त्यांच्यासाठी पोलरायझर काढला, आयएसओ 1600 केला आणि शटर 1/250 सेकंदावर नेलं.

कानटोपी घातलेले एक काका फेऱ्या मारत होते. तिसऱ्या फेरीला थांबले. "ऊन नाही गं आज, काय येणार फोटो?"

"म्हणूनच आले काका," म्हणत मी स्क्रीन पुढे केला.

त्यांनी चष्मा वर सरकवून बघितलं. "हा दगड कुठला? इथला?"

मी बोटाने दाखवला. ते काठाशी गेले, गुडघ्यावर हात ठेवून वाकले आणि बराच वेळ शेवाळाची ती पट्टी बघत राहिले.