अल्चेसेचं पदक आणि धरणगावची भिल्ल कोअर
आमच्या धरणगावकडच्या जुन्या माणसांना भिल्ल कोअर, म्हणजे इंग्रजांनी उभारलेली भिल्लांची पलटण, विचारा, लगेच आउट्रमचं नाव घेतात. १८२५ ला इंग्रज अधिकारी जेम्स आउट्रम खान्देशात आला आणि ज्या भिल्लांशी इंग्रज लढत होते त्यांनाच त्याने पलटणीत भरती केलं, कारण डोंगरातल्या वाटा दुसऱ्या कोणाला माहितीच नव्हत्या.

तिकडे अमेरिकेत, ॲरिझोनात, अमेरिकन सैन्याच्या जनरल क्रूकने अगदी हेच केलं. १८७२-७३ च्या हिवाळ्यातली मोहीम, आणि तिथल्या मूळच्या अपाचे आदिवासींना शोधायला पुढे कोण तर अपाचेच. उलटलेला दगड, दबलेलं गवत बघत माग काढत जायचं आणि गोऱ्या शिपायांच्या आधी आपणच गोळीसमोर जायचं. त्यातलाच एक सार्जंट अल्चेसे, व्हाइट माउंटन अपाचे. १८७५ ला त्याला मेडल ऑफ ऑनर मिळालं, अमेरिकन सैन्यातला सगळ्यात मोठा मान, आणि सोबत आणखी काही अपाचे स्काउटांनाही, म्हणजे सैन्यासाठी माग काढणाऱ्यांनाही. पदकाच्या नोंदीत काय लिहिलंय तर अपाचेंबरोबरच्या चकमकींतलं शौर्य. हे वाचून मी बराच वेळ पुढे गेलोच नाही.

लोक पटकन गद्दार म्हणून मोकळे होतात, मला ते अजिबात पटत नाही. अपाचे म्हणजे काय एकच घर होतं का? व्हाइट माउंटन वेगळे, टोंटो वेगळे, चिरिकाहुआ वेगळे. आपल्याकडे सातपुड्यात भिल्ल, पावरा, तडवी सगळ्यांना बाहेरचा माणूस नुसतं आदिवासी म्हणून टाकतो ना, तसंच. अल्चेसेने आपल्या लोकांची जमीन वाचवायचा विचार केला असेल तर त्यात चूक काय. पुढे तो त्यांचा मोठा प्रमुख झाला, १९२८ पर्यंत जगला, ॲरिझोनातल्या व्हाइटरिव्हरच्या हायस्कूलला आज त्याचंच नाव आहे.

राग येतो तो सरकारचा. चाटो नावाचा चिरिकाहुआ, तोही स्काउटांचा सार्जंट, अमेरिकन सैन्याशी लढणाऱ्या चिरिकाहुआ जेरोनिमोच्या मागावर फिरलेला. १८८६ ला त्याला वॉशिंग्टनला बोलावून पदक दिलं आणि परत येताना वाटेतच अडकवून फ्लोरिडाच्या किल्ल्यात कैदी म्हणून पाठवून दिलं. जेरोनिमोला शरण यायला तयार करणारे मार्टिन आणि कायिताह, हे दोघेही स्काउटच, त्यांनाही कैद्यांच्याच गाडीत बसवलं. पकडलेले आणि पकडून देणारे एकाच कैदेत, आणि चिरिकाहुआंची ती कैद संपली थेट १९१३ ला, २७ वर्षांनी.