दिल्ली ते सॅन फ्रान्सिस्को: किती किलोमीटर, किती तास?

मुलगी सॅन फ्रान्सिस्कोजवळच्या सनीवेलला राहते, त्यामुळे सोसायटीत जो भेटेल तो विचारतो, "बाई, विमानाला किती तास लागतात हो?" जन्मभर शाळेत भूगोल शिकवला, त्यामुळे एका आकड्यात उत्तर देऊन मोकळं होणं काही मला जमत नाही.

दिल्ली ते सॅन फ्रान्सिस्को साधारण १२,४०० किलोमीटर. हे अंतर पृथ्वीगोलावरचं. भिंतीवरच्या नकाशात पट्टी ठेवली तर रेघ समुद्रावरून आडवी जाते, पण गोलावर दोरा ताणला की तो थेट उत्तर ध्रुवाच्या जवळून जातो. वर्गात मुलांना हे सांगून पटायचं नाही, दोरा हातात दिला की पटायचं.

विमान ताशी ९०० किलोमीटरने जातं असं धरलं तर भागाकार येतो पावणेचौदा तास. बहुतेक जण इथेच थांबतात. वारा कोणी धरतच नाही.

२०१६ मध्ये एअर इंडियाने या मार्गावर अटलांटिक सोडून पॅसिफिकवरून जायला सुरुवात केली. अटलांटिकच्या वाटेने १३,९०० किलोमीटर पडायचे, ते जवळजवळ १,४०० ने वाढून १५,३०० झाले. वेळ मात्र दोनेक तासांनी कमी होऊन साडेचौदावर आली! कारण त्या उंचीवरचे जोरदार वारे पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहतात. पाठीवर वारा घेऊन जाणाऱ्याला लांबचा रस्ताही परवडतो.

तेव्हा कित्येकांनी मला समजावलं, "पृथ्वी फिरते ना, म्हणून." अहो, हवाही पृथ्वीबरोबरच फिरते. तसं नसतं तर पुण्यावर हेलिकॉप्टर नुसतं तरंगत ठेवलं असतं आणि पाच मिनिटांत खाली मुंबई आली असती. शिवाय त्या हिशेबाने पश्चिमेकडे जाणारी विमानंच लवकर पोचायला हवीत. होतं नेमकं उलटं.

पॅसिफिकवरून जाताना तारखेची गंमत वेगळीच. रविवारी पहाटे दिल्लीहून निघायचं, वाटेत वाररेषा ओलांडून शनिवारात शिरायचं आणि रविवारी सकाळी तिकडे उतरायचं. माझ्या बहिणीने यावर उपासाचा प्रश्न काढला होता. तो मी तिच्या गुरुजींकडे पाठवला.

ध्रुवावरूनही विमानं जातात. जानेवारी २०२१ मध्ये कॅप्टन झोया अगरवाल आणि त्यांच्या सहकारी महिला वैमानिकांनी सॅन फ्रान्सिस्कोहून बंगळूरला विमान असंच आणलं. त्या बाजूला थंडी इतकी की इंधनाच्या तापमानावर डोळा ठेवावा लागतो, आणि अडचणीत उतरायला विमानतळही विरळ.

वाऱ्याचा निदान अंदाज करता येतो. राजकारणाचं काय? २०२२ पासून अमेरिकन कंपन्यांना रशियाचं आकाश बंद. एप्रिल २०२५ मध्ये पाकिस्तानने भारतीय विमानांना आपलं आकाश बंद केलं, तेव्हा दिल्लीहून उत्तर अमेरिकेला जाणारी काही विमानं इंधनासाठी व्हिएन्नाला उतरू लागली. शहरं जागच्या जागी, पण तास वाढले.

म्हणून आई-वडिलांचं तिकीट काढताना किलोमीटर बघत बसू नका. थांबा कुठे, तिथे विमान बदलायचं की नाही, व्हीलचेअर आधी सांगून ठेवली का, हे बघा. वेळापत्रकातले तास गेटपासून गेटपर्यंतचे असतात, पुढे इमिग्रेशनची रांग असतेच. आणि शक्यतो खिडकीची नको, मधल्या वाटेकडची सीट घ्या. पंधरा तासांत शेजाऱ्याला किती वेळा उठवणार?