टेपवरचा आवाज

आज ‘आनंद’ (१९७१) पुन्हा पाहिला. शेवट तोंडपाठ आहे, त्यामुळे यावेळी रडायचं नाही असं ठरवलं होतं. जमलं नाही. गंमत म्हणजे आनंद जातो तेव्हा मला रडू येत नाही. त्याचा डॉक्टर मित्र भास्कर ‘बोल माझ्याशी’ म्हणून त्याच्यावर ओरडतो आणि टेपरेकॉर्डरमधून आनंदचाच आवाज येतो, तिथे बांध फुटतो. माणूस गेलाय आणि आवाज खोलीत हसतोय!

‘बॅम्बी’ या कार्टूनपटात (१९४२) तर हरणाच्या पिल्लाच्या आईचं मरण दिसतही नाही. फक्त गोळीचा आवाज, मग पिल्लाच्या हाका. पाच मिनिटं संवाद म्हणत मरणाऱ्या पात्रांनी (कमी आहेत का!) मला कधीच रडवलं नाही.

नंतर फोनमधले जुने व्हॉइस मेसेज चाळत बसलो. बाबांचा एक सापडला, अकरा सेकंदांचा. ‘पोचलास की कळव.’

तीनदा ऐकला.