झेल सुटल्यावर सर काय बोलतात

"बांगड्या भरल्यास का?" झेल सुटला की मैदानावर हे वाक्य ठरलेलं. बोलणाऱ्या सरांच्या मनात बहुतेक वेळा काही नसतं. पण बारा वर्षांच्या पोराला त्यातून झेल कसा घ्यायचा ते कळत नाही; बाईसारखं असणं म्हणजे कमी असणं, एवढं मात्र पक्कं बसतं. त्याऐवजी "चेंडूखाली उशिरा आलास, पहिली दोन पावलं लवकर टाक" म्हणा आणि लगेच त्यालाच आणखी एक उंच झेल द्या.

मुंबईत शालेय क्रिकेटच्या प्रशिक्षकांना घेऊन 'परिवर्तन' हा कार्यक्रम राबवला गेला; पोरांना बायका-मुलींशी आदरानं वागायला शिकवणारा. मूळ आराखडा अमेरिकेतल्या 'कोचिंग बॉइज इंटू मेन'चा. आठवड्यातून एकदा, सरांना दिलेल्या कार्डावरचा एक विषय, १०-१५ मिनिटं गप्पा. शिव्या, छेडछाड, राग, आणि मित्र चुकत असेल तर त्याला अडवणं. कॅलिफोर्नियात सॅक्रामेंटो भागातल्या १६ हायस्कुलांमध्ये चाचणी झाली, तेव्हा या शेवटच्या गोष्टीत फरक दिसला.

गप्पा सरावानंतर ठेवू नका. पोरं भुकेली असतात, लोकलची घाई असते. वॉर्म-अप झाला की गोल करून बसवा. सरांनी तीन-चार मिनिटांपेक्षा जास्त बोलू नये. "आपल्या शिव्यांत आई-बहीणच का असते?" एवढं विचारून गप्प बसा. आधी हसतील. म्हणून कॅप्टनला आदल्या दिवशीच बाजूला घेऊन विषय सांगून ठेवायचा. हसायच्या आधी बाकीचे त्याच्याच तोंडाकडे बघतात.

शिवी दिली म्हणून मैदानाला दहा फेऱ्या, हा उपाय हमखास फसतो. धावणं ही शिक्षा होते आणि शिवी फक्त सरांच्या पाठीमागे दिली जाते. नेटमधली पुढची पाळी काढून घ्या, ते जास्त झोंबतं.

सगळ्यात मोठा घोळ सरच घालतात. सकाळी गप्पा आणि दुपारच्या मॅचला एलबीडब्ल्यूवरून अंपायरला शिवी! मग दुसऱ्या दिवशी त्याच पोरांसमोर माफी मागावी लागते. एका वाक्यात, "पण" न लावता.

आणि हेल्मेटवर चेंडू बसला की "मर्द आहेस ना, उभा राहा" अजिबात नको. आयसीसीनेही २०१९पासून कन्कशनसाठी, म्हणजे डोक्याला मार बसून मेंदूला धक्का लागला तर, बदली खेळाडू मान्य केलाय. पोरगा "ठीक आहे सर" म्हणणारच. त्याच्या शब्दावर जाऊ नका. पॅड सोडायला लावा, घरी कळवा, डॉक्टरांना दाखवा. त्या दिवशी पुन्हा बॅट हातात नाही.