फॉक्सप्रो, काटा आणि आम्ही: आमची वाटचाल

"यांचं फॉक्सप्रो म्हणजे म्युझियम आहे," असं पुण्याच्या एका सॉफ्टवेअर कंपनीनं साखर कारखान्याच्या संचालक मंडळाला आमच्याबद्दल सांगितलं, तेव्हा मी त्याच खोलीत बशीत चहा ओतत बसलो होतो. फॉक्सप्रो म्हणजे ज्यात आम्ही सॉफ्टवेअर लिहायचो ते मायक्रोसॉफ्टचं जुनं डेटाबेस पॅकेज. त्या कंपनीचं नाव घेत नाही. पण त्या मीटिंगमध्ये आमचा एक कारखाना हातचा गेला आणि पुढच्या वर्षी शेजारचाही.

सांगलीत साखर कारखान्यांची सॉफ्टवेअर करणारी आमची फर्म १९९६ ची. ऊसनोंद, तोडणी-वाहतूक, काटा, ऊस बिल, पगार, शेअर्स, सगळं एकाच एक्झीत, म्हणजे एकाच प्रोग्राममध्ये. लाइट गेली की इंडेक्स (नोंदी शोधायची सूची) खराब व्हायचा, मग आमचा पोरगा एसटीनं रीइंडेक्स करायला जायचा. अशी बरीच वर्षं गेली. मायक्रोसॉफ्टनं २००७ मध्येच पुढची आवृत्ती येणार नाही म्हणून सांगितलं होतं, जानेवारी २०१५ ला सपोर्टही संपला. आम्ही जागचे हललो नाही. चालतंय की!

हलवलं ते उसाच्या गाड्यांचं वजन करणाऱ्या काट्यानं. पंधरवड्याचं ऊस बिल रात्री लावलं की ते वजनाच्या स्लिपांची फाइल लॉक करायचं आणि काट्यावरचा ऑपरेटर भरल्या ट्रॉलीकडं बघत बसायचा. रांग अड्ड्याबाहेर रस्त्यावर. गिरणीत ऊस नेणारी गव्हाण रिकामी पडली की चीफ इंजिनिअर शेती खात्याला नाही, मला फोन करायचे.

म्हणून पहिल्यांदा काटा वेगळा काढला, बाकीच्याला हात लावला नाही. सॉफ्टवेअरवर लिहिणाऱ्या मार्टिन फाउलरनं २००४ मध्ये या पद्धतीला झाडाला वेढून वाढणाऱ्या वडाचं नाव दिलंय. आमच्याकडं वाड्याच्या भिंतीतला पिंपळ म्हटलं की कळतं. पुढं एक गेटवे (सगळी कामं आत घेणारं एकच दार) ठेवायचा आणि मागं एकेक खातं जुन्यातून काढून नव्यात न्यायचं. दोन काटे, दोन पीसी. वजन सिरियल पोर्टवरून तिथंच घ्यायचं, स्लिप तिथंच छापायची आणि रॅबिटएमक्यूतून, म्हणजे निरोप रांगेत (क्यूत) जपून पोचवणाऱ्या सॉफ्टवेअरमधून, बिलाकडं पाठवायची. लाइन बंद असली तरी गाडी थांबत नाही. सगळ्यात जास्त वेळ मात्र गावांच्या आणि शेतकऱ्यांच्या नावांनी खाल्ला. जुन्या फॉन्टात पहिली वेलांटी अक्षराच्या आधी आणि रफार अक्षरानंतर, युनिकोडात बरोब्बर उलटं. 'शिरोळ' जमलं की 'कर्नाळ' बिघडायचं.

आणि मग डिसेंबरचा तो दुसरा पंधरवडा. काट्यापासून ऑफिसपर्यंतची फायबर दोन दिवसांत तीनदा तुटली. पोच मिळाली नाही की क्यू तोच निरोप पुन्हा पाठवते, हे आम्हाला माहीत होतं. माहीत असूनही बिलाची सर्व्हिस (बिलाचा वेगळा काढलेला छोटा प्रोग्राम) आलेल्या प्रत्येक निरोपाला नवा नंबर देत होती. एकच खेप बिलात दोनदा, काही तर तीनदा.

हे पकडलं अण्णांनी. आम्ही कंपनी काढली त्या वर्षापासून आमचं गिऱ्हाईक असलेल्या कारखान्याचे ते केन अकाउंटंट, म्हणजे उसाचा हिशेब ठेवणारे. कॉम्प्युटर आला तरी लाल कापडी बांधणीची वही त्यांनी सोडली नव्हती. तिन्ही पाळ्यांचं टनेज रोज शाईनं लिहायचे. रात्री अकराला फोन. "अरे, गाळपापेक्षा बिलात ऊस जास्त कसा?" मी म्हटलं, "अण्णा, सकाळी बघतो." ते म्हणाले, "सकाळी नाही. बँकेची फाइल मी माझ्या टेबलाच्या खणात कुलूप लावून ठेवलीय. चौदा दिवसांतले दोन राहिलेत." १९६६ च्या ऊस नियंत्रण आदेशाप्रमाणे चौदा दिवसांत पैसे दिले नाहीत तर पुढं १५ टक्के व्याज. जास्तीचे पैसे एकदा खात्यावर गेले असते तर शेतकऱ्यांकडून परत मागायचे कोणत्या तोंडानं?

दोन रात्री आम्ही त्यांच्या वहीसमोर बसलो. ते बोटानं ओळ धरायचे, मी स्क्रीनवर खोडायचो. बरं, नुसता स्लिप नंबर धरूनही भागेना, कारण दोन्ही काट्यांचे नंबर वेगवेगळे चालतात आणि दर हंगामाला पुन्हा एकपासून सुरू होतात. शेवटी हंगाम, काटा आणि स्लिप नंबर मिळून एक किल्ली केली. तीच किल्ली दुसऱ्यांदा आली तर नुसती पोच द्यायची, नोंद करायची नाही. दहा-बारा ओळींचं काम. ते आधी केलं असतं तर ते केस पांढरे झाले नसते.

कुणी विचारलेलं नाही, तरी सांगतो. हंगामाच्या सुरुवातीच्या मोळी पूजनाच्या आत झालं नाही तर पुढच्या वर्षी करा, गाळप चालू असताना काही हलवू नका. सर्व्हिसा मोजून घ्या. आमच्या पाच आहेत. पुण्याच्या त्या मंडळींनी तीसच्या वर केल्या होत्या, तेही कॉम्प्युटर विभागात तीन माणसं असलेल्या कारखान्यात, आणि सगळ्यांचा डेटाबेस मात्र एकच. एका टेबलाचा कॉलम बदलला की निम्म्या झोपायच्या. चुली तीस आणि कणगी एक, याला कुणी वाटणी म्हणत नाही. त्यातला एक कारखाना परत आमच्याकडं आलाय. दुसरा फोन करतो, पण नाव लपवून.

अण्णा रिटायर झाले. वही मला देऊन गेले, ऑफिसात काचेच्या कपाटात आहे. शेअर्स खातं मात्र अजून फॉक्सप्रोवरच आहे. दिवाळीची सभासद साखर वाटायची वेळ आली की वर्षातून एकदा उघडतं. मुलगा म्हणतो तेही काढू. मी म्हणतो, काटा त्याला काही अडत नाही, राहू दे. यावर आमचं रोज जेवताना वाजतं.