कोहिमा आणि हुकूम मोडणारा जनरल

दिमापूर ते कोहिमा शेअर सुमोत मागच्या सीटवर बसून धूळ खात गेलो. त्याबद्दल पुन्हा कधीतरी. वॉर सिमेट्रीत पोचलो आणि डोकं फिरलं.

तिथे डेप्युटी कमिशनरच्या बंगल्याच्या टेनिस कोर्टाच्या पांढऱ्या रेषा आजही आखलेल्या आहेत. एप्रिल-मे १९४४ मध्ये कोर्टाच्या एका अंगाला ब्रिटिश-भारतीय फौज, दुसऱ्या अंगाला जपानी, आणि मधून हातबॉम्ब. आमच्या पुढचा ग्रुप मात्र रेषेवर उभा राहून सर्व्हिस मारल्याच्या पोझ देत होता!

मी तिथे गेलो होतो जपानी लेफ्टनंट जनरल कोतोकु सातोसाठी. त्याचा वरिष्ठ रेन्या मुतागुची, ब्रह्मदेशातल्या जपानी १५ व्या आर्मीचा प्रमुख. तीन डिव्हिजन घेऊन तीन आठवड्यांत इम्फाळ घ्यायचं, म्हणून रसदही तेवढीच. बाकी भार गुरांवर: आधी ओझं वाहायचं, मग त्यांनाच खायचं. मी शेतकऱ्याच्या घरचा. पाठीवर ओझं लादून बैल चिंदविन नदीपार नागा डोंगरांत चढवायचे, हे आमच्याकडच्या गुराख्यालाही पटलं नसतं. कितीतरी गुरं नदीत बुडाली, बाकीची वाटेत मेली.

त्या तिघांतली सातोची ३१ वी डिव्हिजन कोहिमाला येण्याआधीच तिच्या एका तुकडीचे काही दिवस मणिपुरातल्या सांगशाकला खर्ची पडले. तिथे पॅराशूट ब्रिगेडसोबत आपली मराठा लाइट इन्फन्ट्रीची ४/५ बटालियन (म्हणजे ५ व्या रेजिमेंटची चौथी) लढत होती. शाळेत हे कुणी सांगितलं नाही, याचा मला अजून राग आहे.

कोहिमात सातोकडे ना तांदूळ पोचला ना दारूगोळा. पाऊस सुरू झाला. मे संपता संपता त्याने हुकूम धुडकावून सैन्य मागे घेतलं. मुतागुचीने त्याला बडतर्फ केलं (तिन्ही डिव्हिजन कमांडर त्याने काढले!). सातोला कोर्ट मार्शल हवं होतं, म्हणजे सगळं उघड बोलता आलं असतं. वरिष्ठांना तेच नको होतं, म्हणून त्याला मानसिक रुग्ण ठरवून प्रकरण मिटवलं.

मोहिमेत निम्म्याहून अधिक सैन्य मेलं किंवा जखमी झालं. मेलेल्यांत भूक आणि रोगाचे बळीच जास्त. मुतागुचीची नेमणूक कुठे झाली? जानेवारी १९४५ मध्ये, लष्करी अकादमीच्या पूर्वतयारी शाळेच्या प्रमुखपदी.

दुसऱ्या दिवशी इम्फाळच्या सुमोत शेजारच्याला मी हे सगळं तावातावाने ऐकवलं. वाटेतलं माओ गाव येईपर्यंत तो घोरत होता.